बटणांबाबत माफी मागणार नाही

तीर्थस्वरूप ताईच्या सेवेशी,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. माझे गुडघे आता सगळ्या अंगांना परवानगी देत नाहीत. जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझी तब्येत बरी असेलच, कारण चार पानांच्या तुझ्या पत्रात कुठंही दम लागलेला दिसला नाही. ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? अक्षरावरून तर दोन्ही डोळे वटारलेले वाटले, म्हणजे ठीक असावा. भाऊजींचा खोकला गेला का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस, ते हसतात आणि मग त्यांना पुन्हा खोकला येतो. इकडे सगळे खुशाल आहेत. सूनबाई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, पहाटेची पाळी संपवून दुपारी येते. चिरंजीव बाहेरगावच्या कामावरून महिन्यातून एकदा उगवतात. माझी प्रकृती उत्तम, भूक उत्तम, आणि हात तर असे चालतात की कोणी बँडपथकाचे कोट शिवायला टाकले तर आठवड्यात उतरवून देईन.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू बोलतेस आणि मी हुं म्हणतो, आणि शेवटी माझ्या सगळ्या हुंकारांचा अर्थ लावून तू 'चला, ठरलं तर मग' म्हणून ठेवून देतेस. गेल्या रविवारी असंच ठरलं. त्यावर शिक्कामोर्तब करायला तुझं पत्र आलं. त्यात दोन हुकूम आहेत. पहिला, मी फॉर्मवाल्या बाईंची लेखी माफी मागावी. दुसरा, आपल्या नातीला, मुंगीला, एक वर्ष तुझ्याकडे पाठवावं, म्हणजे तू तिला शाळेसाठी तयार करशील. ताई, दोन्ही होणार नाही. का होणार नाही ते आता सविस्तर सांगतो. तू हेडमास्तरीण होतीस तेव्हा आरोपीचं ऐकून घ्यायची तुझी रीत नव्हती, पण पत्राला मध्येच 'गप्प बैस' म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठाच फायदा आहे.

सूनबाईनं तुला फोनवर जे सांगितलं ते खोटं नाही, पण तिनं शेपटापासून सुरुवात केली. तोंडापासून सांगतो. इथल्या शाळेनं गेल्या वर्षी एक फॉर्म काढला. नव्यानं दाखल होणाऱ्या पोरानं बारा गोष्टी करून दाखवायच्या. नऊ जमल्या तर आत, नाही जमल्या तर वर्षभर घरी. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली चार पोरं घरी राहिली. शाळा सुटायच्या वेळेला ती चौघं आमच्या पायरीवर येऊन बसायची आणि दप्तरं घेऊन येणाऱ्या पोरांकडे बघत राहायची. मी आत मशीनवर बसून त्या चौघांकडे बघायचो. त्यातला एक तर घरातली पिशवी पाठीला लावून बसायचा, आत काही नसायचं. ते मला बघवलं नाही, हे तुला सरळच सांगतो. आणि यंदा पाळी मुंगीची होती. (तिचं खरं नाव तूच ठेवलंस, पण सबंध गल्लीत ते कोणाच्या तोंडात नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.) मुंगी घरात दिवसभर बडबडते, पण उंबऱ्याबाहेरचा माणूस दिसला की तोंडाला कुलूप. खाली मुंडी, पाताळ धुंडी, तुझ्या लहानपणासारखी नव्हे, माझ्या.

म्हणून आम्ही तिघांनी वर्ग काढला. लाँड्रीवाल्याच्या दुकानामागं एक खोली आहे. दुपारी तीन ते पाच तो कपडे पोचवायला जातो, तेवढा वेळ ती आम्हाला दिली. भिंतीला गरम पाण्याचा पाइप, एक लांब टेबल, कोपऱ्यात न्यायचे राहिलेले लोकांचे पडदे, आणि सगळीकडे इस्त्रीचा वास. गेल्या वर्षीची चार आणि नवी सात, अशी अकरा पोरं. शिकवायला रिटायर झालेला बस ड्रायव्हर, प्रसूतिगृहातून रिटायर झालेल्या नर्सबाई आणि मी. तू लिहितेस की तिघांपैकी एकालाही शिकवण्याचा अनुभव नाही. मान्य. पण अनुभव असलेले कोणी आलेही नाहीत, आणि पोरं काही आमच्या अनुभवासाठी मोठी व्हायची थांबणार नव्हती.

ड्रायव्हरसाहेबांकडे 'वीस मिनिटं एका जागी बसतो' हा मुद्दा होता. त्यांनी दोन-दोन खुर्च्या मागेपुढे लावल्या, मधून वाट ठेवली, पुढं स्वतः स्टूलवर बसले आणि पोरांना म्हणाले, गाडी सुटली. पोरं वीस काय, चाळीस मिनिटं बसली. वळण आलं की सगळी एका अंगाला कलायची. लघवी लागली तर हात वर करून थांबा मागायची. साहेब गाडी बाजूला घेत, एक घंटा देत, पोरगं उतरून जाऊन येई, मग दोन घंटा आणि गाडी पुढं. इतकं छान बसणं मी तुझ्या शाळेतही पाहिलं नाही. एवढंच झालं की पोरं घंटेशिवाय खुर्चीवरून उठेनाशी झाली. घरी जेवायला बसलेली उठत नाहीत, अशी एका आईची तक्रार आली. साहेबांनी तिला एक घंटा दिली.

नर्सबाईंकडे हात धुणं. त्यांनी तीस वर्षं ऑपरेशनला जाताना जसे धुतले तसेच शिकवले. बोटांच्या फटी, नखं, मनगट, कोपरापर्यंत साबण, मग हात वर धरून ठेवायचे आणि कशालाही शिवायचं नाही. पोरांनी ते तंतोतंत उचललं. हात धुऊन झाले की अकरा जण दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखी, मोरीच्या दाराआड उभी. दार उघडायचं तर हात लावावा लागणार, आणि हात लावायचा नाही. मग खोलीतून मी नाही तर ड्रायव्हर उठून दार उघडायचो. (नर्सबाई म्हणतात दार पायानं ढकलायचं असतं. पण आमचं दार आत उघडतं.)

आता माझ्याकडे येतो. 'शर्टाची बटणं स्वतः लावतो' हा सातवा मुद्दा माझ्याकडे आला, आणि तो दुसऱ्या कोणाकडे जाईल कसा? बेचाळीस वर्षं मी काजं केली. खोलीत मी एक अटही घातली होती, सगळ्यांनी पुढं सहा बटणांचे शर्ट घालून यायचं, डोक्यातून घालायचं काही चालणार नाही. मग जोड्या लावल्या. समोरासमोर उभं राहायचं आणि एकानं दुसऱ्याचं बटण लावायचं. कपडा नेहमी समोरून बघायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. मान खाली घालून स्वतःची छाती बघायला गेलं की हनुवटी आड येते आणि कपड्याला चुण्या पडतात. अकरा पोरं, पाच जोड्या, एक उरते. उरली ती मुंगी, म्हणून तिची जोडी माझ्याशी. तिला फारसं शिकवावं लागलं नाही, ती आधीपासूनच पटाईत होती. (का, ते विचारू नकोस.) दीड महिन्यात अशी तयारी झाली की पोरं एकमेकांकडे न बघता, गप्पा मारत सहा बटणं लावायची. मी रोज संध्याकाळी ताठ मानेनं घरी जायचो.

फॉर्मवाल्या बाई पोरांना तपासायला खोलीवर आल्या त्या दिवशी मी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. या बाई शाळेच्या, वयानं चाळिशीच्या, राखाडी ड्रेस, मानेमागं तीन बटणं, त्यातलं मधलं उघडं. हे मी दारातच बघितलं. बाईंनी आम्हा तिघांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, मोठ्यांनी खुणा करायच्या नाहीत म्हणून. स्वतः खुर्चीवर बसल्या, फॉर्म मांडीवर घेतले. वीस मिनिटं बसणं झालं, अकरापैकी अकरा. मग त्या म्हणाल्या, आता उठा. कोणी उठेना. पुन्हा म्हणाल्या. अकरा पोरं समोर बघत, गाडी थांबायची वाट पाहत बसून. शेवटी ड्रायव्हरसाहेबांनी उंबऱ्याबाहेरून तोंडानंच घंटा वाजवली तेव्हा सगळी एकदम उतरली. हात धुणं झालं, तेव्हा मोरीचं दार बाईंना स्वतः उठून उघडावं लागलं. इथपर्यंत त्या हसत होत्या, हे नोंदवून ठेव.

मग त्या म्हणाल्या, ज्यानं त्यानं आपापली बटणं लावा. पोरांनी आपापली जोडी शोधली. बाईंनी त्यांना ओढून वेगवेगळं उभं केलं आणि म्हणाल्या, दुसऱ्याची नाही, स्वतःची. आणि ताई, त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं ते तुझ्याही आलं असेल. समोरच्याचं उजवं ते आपलं डावं. बेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांनाच कपडे घालत आलो, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती. पोरांचे हात उलटे चालायला लागले. बटणाच्या जागी काज शोधतायत, काजाच्या जागी बटण. कोणी शर्ट पाठीकडे फिरवला, एकानं तो काढून खुर्चीला घातला आणि खुर्चीची सहाही बटणं बिनचूक लावली. बाईंनी सातव्या ओळीत अकरा वेळा 'नाही' लिहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

मुंगीला जोडी नव्हती. तिची जोडी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काय करणार, मी छताकडे बघितलं. मग तिनं खोलीभर नजर फिरवली. बाई खाली मान घालून लिहीत होत्या, पाठ तिच्याकडे. ही गेली, स्टूल ओढून आणलं, वर चढली आणि बाईंच्या मानेमागचं मधलं बटण हातात घेतलं. बाई दचकून वळायला लागल्या तर ही म्हणाली, "हलू नका. श्वास सोडा. हं, झालं." शब्दन् शब्द माझा, गिऱ्हाइकाचं माप घेतानाचा, सूरही माझा. अनोळखी माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा बोलली ती, आणि तेही हुकूमच. बाई हलल्या नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा सोडला. मग त्यांनी वळून मायेनं विचारलं, तुझं नाव काय बाळ? झालं, पुन्हा कुलूप. 'अनोळखी माणसाला नाव सांगतो' या मुद्द्याला 'नाही', बटणाला 'नाही'. आधीचे दोन 'नाही' धरून बारापैकी आठ.

इथं मी उंबरा ओलांडला. तुला कळलं ते यापुढचंच. मी फॉर्म फाडला नाही. फॉर्मचा कोपरा माझ्या हातात आला कारण दुसरं टोक बाईंच्या हातात होतं. मी त्यांना म्हणालो की तुमचा फॉर्म अर्धा आहे. अकरा पोरं दुसऱ्याचं बटण न बघता लावतात, याला तुमच्याकडे ओळ का नाही? आणि खिशातला खडू काढून मी बाराव्या ओळीखाली तेरावी लिहिली, 'दुसऱ्याचे बटण लावून देतो/देते', आणि पुढं बरोबरची खूण केली. अकरा फॉर्मवर. (शिंप्याचा खडू आहे, वरून इस्त्री फिरवली की जातो. शाळेच्या कागदाची नासधूस केली, हा तुझा आरोप तिथंच पडतो.) बाई म्हणाल्या, शाळेत चाळीस पोरांमागं एक शिक्षिका असते, ती कोणाकोणाची बटणं लावणार? मी म्हणालो, म्हणून तर. चाळीसही एकमेकांची लावतील, ती बसून चहा पिईल. आणि मग मी तो शहाणपणा केला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, बाई, तुमची पाठीची बटणं सकाळी कोणी लावली? तुम्ही स्वतः?

बाईंनी हात मानेमागं नेऊन ते बटण चाचपलं. मग म्हणाल्या, "लावायला कोणी नाही घरात. म्हणून तर उघडं होतं." आणि फॉर्म गोळा करून निघून गेल्या. ज्यांना आठ मिळालेत अशा तिघांना बघायला तीन आठवड्यांनी मंगळवारी पुन्हा येते, एवढं दारात सांगितलं. त्या तिघांत मुंगी आहे. बाकीच्या आठांना बटणांशिवायच नऊ मिळाले, हेही लिहून ठेवतो, कारण सूनबाईनं तुला ते सांगितलं नसणार. आठ पोरं ताई, आणि त्यात गेल्या वर्षीची ती चारही आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू माझ्याबद्दल लिहिलंस. पण आठ जणं नाचली की नाही?

तेव्हा पहिल्या हुकमाचं उत्तर असं. तेराव्या ओळीबद्दल मी माफी मागणार नाही. लेखी नाही, तोंडी नाही, आणि तू आडवी आलीस तरी नाही. ती ओळ खरी आहे. माणसाला सगळंच एकट्यानं करता आलं पाहिजे असं ज्याला वाटतं त्यानं आपल्या पाठीला स्वतः मलम लावून दाखवावं.

दुसऱ्या हुकमाचं उत्तर याहून थोडक्यात आहे. मुंगी येणार नाही. मंगळवारी नववा मुद्दा मिळाला तरी नाही, न मिळाला तरी नाही. तू चांगलं शिकवतेस याबद्दल वाद नाही, अर्धं गाव तुझ्या छडीनं साक्षर झालं. पण तुझं गाव इथून दिवसभराच्या प्रवासावर, आणि ती पोर पाच वर्षांची. इथं तिला बस चालवणारा मास्तर आहे, ऑपरेशनवाली मास्तरीण आहे आणि दहा जोडीदार आहेत. तिथं तू, भाऊजी आणि खोकला. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे, पण ते आमच्यात वाया जाईल. सूनबाईनं तुला हो म्हटलंय ते भीतीनं. तुला हो म्हणायची आमच्या घरात तीन पिढ्यांची सवय आहे. ती मी आज मोडतो आहे. राग आला तर दोन घास जास्त जेव.

भाऊजींना नमस्कार, डोळ्यात औषध वेळेवर घाल, आणि लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर तोंड एकाहत्तर वर्षांचं आहे हे लक्षात घे.

तुझा आज्ञाधारक (हे पत्र सोडून),
धाकटा

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून दोन ओळी. फॉर्मवाल्या बाईंकडे मी काल जाऊन आलो. माफी मागितली. तेराव्या ओळीची नव्हे, ती ओळ तशीच आहे. पाठीच्या बटणांचं जे विचारलं त्याची. ते विचारायचं नव्हतं. त्यांचा तो राखाडी ड्रेस घरी आणला, मानेमागची तिन्ही बटणं काढून डाव्या खांद्यावर घेतली, एका हातानं लागतील अशी. बाईंनी माझ्यासमोर लावून बघितली आणि आत जाऊन आरशापुढं पुन्हा लावली. एकट्यानं करण्याबद्दल वर मी जे काही लिहिलं आहे, ते या ओळींपुरतं वाचू नकोस.

ता. क. दुसरं. बटणांचा उपाय ड्रायव्हरसाहेबांना सापडला. ते म्हणाले, समोरासमोर कशाला, रांगेत उभी करा. मागच्यानं पुढच्याच्या काखेतून हात पुढं घालून त्याची बटणं लावायची, म्हणजे हात आपल्या अंगावर चालतात तसेच चालतात. दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी पुढचं पोरगं काढून घेतलं आणि मागच्याला म्हटलं, आता तेच, जरा जवळ. अकरापैकी नऊ जणांना आलं. मुंगीनं आज सकाळी स्वतःची सहाच्या सहा लावली. मी मोजत होतो तर म्हणाली, आजोबा, हलू नका.

ता. क. तिसरं. आता खरं काम. नावाच्या मुद्द्याला आम्ही अडलो आहोत. फॉर्मवर 'अनोळखी माणसाला' असं आहे, आणि आमच्या गल्लीत अनोळखी माणूस मिळेना. ड्रायव्हरसाहेब टोपी आणि काळा चष्मा घालून आले तर सगळी पोरं म्हणाली, ड्रायव्हरकाका, टोपी छान आहे. नर्सबाईंना तर पोरं पायांच्या आवाजावरून ओळखतात. मुंगीनं तुला बघितलं तेव्हा ती पाळण्यात होती. तुझ्याइतकं अनोळखी, आणि तुझ्याइतकं घाबरवणारं, दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही. तुझ्यापुढं जिनं तोंड उघडलं तिला जगात कशाचीच भीती नाही. तेव्हा तू ये. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारपर्यंत पोचलीस तर दोन दिवस मिळतील. तूच ठेवलेलं नाव तुलाच सांगायचं आहे तिला.

ता. क. चौथं, आणि हे सूनबाईला कळता कामा नये. हातांबद्दल मी वर जे लिहिलं ते दहा वाजल्यानंतरचं आहे. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी माझी बोटं मिटत नाहीत. सूनबाई पहाटे सहाला कामावर जाते, तिला हे ठाऊक नाही. मुंगी खुर्चीवर उभी राहून माझी बटणं लावते, वरून खाली, आणि कोणाला सांगत नाही. न बोलणाऱ्या पोरीचा हा उपयोग मीच करून घेतला, आणि म्हणूनच तिला समोरच्याचीच सवय लागली, हेही आता लिहून टाकतो. शाळा इथून चार गल्ल्यांवर आहे, माझी बटणं लावून ती वेळेवर पोचेल. तुझ्या गावाहून नाही पोचायची. मग बिनबटणाचं काहीतरी घालत जा, असं तू म्हणशील. ताई, मी शिंपी आहे. डोक्यातून घालायचा कपडा घालून मी या गल्लीत फिरणार नाही.